कोल्हापुरात शिकायला येताय? दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

मी कणकवलीजवळच्या एका गावातून एमएस्सीसाठी शिवाजी विद्यापीठात आले. शिक्षण संपलं, नोकरी इथेच लागली आणि मी राहिले. निकाल लागले की गावाकडून फोन सुरू होतात. कुणाची भाची, कुणाचा धाकटा, कुणाच्या शेजारची मुलगी. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

कोल्हापूर हे शिक्षणाचं गाव आहे का? आम्ही तर अंबाबाई आणि तांबडा रस्सा एवढंच ऐकलं आहे.

आहे, आणि फार जुनं आहे. राजाराम कॉलेज १८८० चं. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून वाचकांना पुस्तकं देतं आहे. विद्यापीठ नंतर आलं. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याखाली येतात. सोलापूरला २००४ मध्ये वेगळं विद्यापीठ मिळालं.

पण एक गोष्ट आधीच समजून घ्या. इथली बाजारपेठ विद्यार्थ्यांच्या जिवावर चालत नाही. गूळ, साखर कारखाने, फाउंड्री, चांदी, देवीचे भाविक, दूध यांवर शहराचं पोट आहे. त्यामुळे फक्त विद्यार्थ्यांचा असा भाग फारसा सापडणार नाही. तुमच्या खालच्या मजल्यावर घरमालकांची आजी वाती वळत बसलेली असेल, समोर पेठेची तालीम असेल आणि तुम्ही परीक्षेला निघालात की गल्लीतलं कुणीतरी पेपर कुठला ते विचारेल. मला इथलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. पुण्यात शिकलेल्या मैत्रिणी चार वर्षं राहूनही शेजाऱ्यांची नावं सांगू शकत नाहीत.

'बोर्डिंग' म्हणजे नक्की काय? हॉस्टेलच ना?

हॉस्टेलच, पण त्यामागे मोठा इतिहास आहे आणि कोल्हापुरात शिकणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला कोल्हापुरात शिकायचं असेल तर पहिली अडचण फीची नव्हती. राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे, ही होती. सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहावं असा प्रयत्न आधी झाला, तो साधला नाही. मग राजर्षी शाहू महाराजांनी दुसरा रस्ता धरला. ज्या समाजाची मुलं मागे आहेत त्या समाजाला बोर्डिंग काढायला जागा द्यायची, इमारतीला मदत करायची, दरसाल खर्चाची सोय लावायची. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढच्या वीस वर्षांत मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग झालं, १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग. दसरा चौकात उभं राहून चौफेर नजर फिरवली तर यातल्या काही संस्था आजही दिसतात, आणि मधोमध महाराजांचा पुतळा.

या शहराला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते यामुळे. जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि बोर्डिंगची ही कल्पना साताऱ्यापासून पुढे खेडोपाडी नेली. खोलीचं भाडं भरताना हे आठवलं की मला अजून वाटतं, खेड्यातून आलेलं पोरगं इथे राहिलं पाहिजे, असं या गावात कुणीतरी सव्वाशे वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेलं आहे.

जुन्या बोर्डिंगांपैकी काहींत आजही प्रवेश मिळतो. प्रत्येकाचे नियम वेगळे. पत्र किंवा फोन करण्यापेक्षा जूनमध्ये पालकांना घेऊन थेट जा, गुणपत्रिका बरोबर ठेवा आणि सुपरिटेंडेंटना भेटा.

राहायची सोय कशी करावी?

विद्यापीठाच्या वसतिगृहाची यादी प्रवेश झाल्यावर लागते आणि ती गुणांवर लागते. त्यामुळे पहिले काही आठवडे बाहेर काढावे लागतील असं धरूनच या.

विद्यापीठात वर्ग असतील तर सायबर चौक, शास्त्रीनगर, सम्राटनगर, राजेंद्रनगर, सुभाषनगर आणि राजारामपुरीच्या वरच्या गल्ल्या सोयीच्या. (सायबर चौकाचं नाव ऐकून बऱ्याच जणांना संगणकाशी काही संबंध वाटतो. तिथल्या शाहू इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव पडलं आहे.) गावातल्या कॉलेजांसाठी शाहूपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क आणि पेठा.

भाड्याची खोली बहुतेक 'कॉट बेसिस'वर मिळते, म्हणजे एका खोलीत तिघं-चौघं आणि भाडं कॉटमागे. आकडे मी लिहीत नाही, दरवर्षी बदलतात. पण बोलताना चार गोष्टी आत्ताच विचारून घ्या. डिपॉझिट परत कधी मिळणार, लाइट बिल भाड्यात आहे की वेगळं, उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं आणि मे महिन्यात गावी गेलो तर त्या महिन्याचं भाडं द्यायचं का. नदीच्या बाजूला खोली बघत असाल तर पाचवा प्रश्न: २०१९ ला इथे पाणी आलं होतं का? कोल्हापूरकर त्याचं उत्तर अगदी खरं देतात, भिंतीवरची खूण दाखवतात.

आता एक कडू गोष्ट. मी खोली शोधत होते तेव्हा एका घरी सगळं ठरत आलं, आणि मग बाईंनी माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीला आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर खोली अचानक भाचीसाठी ठेवायची निघाली. आम्ही दोघी काही न बोलता जिना उतरलो. ज्या शहरात जातीमुळे कुणाचं शिक्षण अडू नये म्हणून बोर्डिंगं उभी राहिली, तिथे हा प्रश्न अजून विचारला जातो याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. असं घडलं तर स्वतःत काही कमी आहे असं क्षणभरही मानू नका. आपल्या विभागातल्या सीनियर मुलांना सांगा, ते चांगल्या घरांचे पत्ते देतात. आम्हाला तशीच खोली मिळाली, शास्त्रीनगरात, आणि त्या काकूंनी मैत्रिणीच्या तापात तिला तीन दिवस स्वतःच्या घरात निजवलं.

विद्यापीठाचा परिसर कसा आहे?

सागरमाळावर ८५३ एकर. मुख्य इमारतीसमोर छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आणि त्याच्याभोवती बाग. पाऊस थांबल्यावर मोर दिसतात, त्यांचं ओरडणं तर व्याख्यान चालू असतानाही ऐकू येतं. बाजूलाच राजाराम तलाव. एका विभागातून दुसऱ्यात जायला चांगली चाल पडते, त्यामुळे चांगल्या चपला घ्या.

बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यातच काढा. माझ्या वर्गातल्या काहींनी दुसऱ्या वर्षी काढलं आणि नंतर हळहळले.

जेवण फार तिखट असतं का? आणि आम्ही शाकाहारी आहोत.

खानावळीतलं रोजचं जेवण तुमच्या-माझ्या घरच्यासारखंच असतं: चपाती किंवा भाकरी, एक पालेभाजी, एक कडधान्य, आमटी, भात. तिखटाचा सूर चढा असतो, पण महिनाभरात जीभ रुळते. मांसाहार सहसा बुधवारी आणि रविवारी. त्या दिवशी ताटात तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से आले की आपण कोल्हापुरात आहोत हे पटतं. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा आणि खसखशीचा, तो तिखट नसतो. नव्या माणसाने त्यापासून सुरुवात करावी. शाकाहारी मुलांची अडचण होत नाही, निव्वळ शाकाहारी खानावळी भरपूर आहेत.

मेस लावताना 'खाडा' कसा धरतात ते विचारा. गावी गेलात तर सलग किती दिवसांचे पैसे वजा होतात, आणि आधी किती दिवस सांगावं लागतं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. महिन्याअखेरचे बहुतेक वाद यावरूनच होतात.

मिसळ सकाळी खायची, आणि ती इथे पावाबरोबर नाही, स्लाइस ब्रेडबरोबर येते. कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, संपला तर मागायला लाजू नका. 'कॉकटेल' म्हणजे आइस्क्रीम, फळं आणि जेली घातलेला ग्लास; आईला फोनवर सांगताना नीट समजावून सांगा. आणि गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर एकदा तरी जा. म्हैस समोर उभी असते, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. तालमीतल्या पैलवानांच्या शेजारी उभं राहून तो प्यायचा.

मासे मात्र आमच्या तोंडाला लागत नाहीत. कोकणातल्या मुलांनी सुकट घरून आणावी.

तिथली भाषा कळेल का?

कळेल, फक्त पहिल्यांदा दचकायला होतं. माझी खोलीतली मैत्रीण कागलची. पहिल्या संध्याकाळी ती दारातून म्हणाली, "मी आलो गं, तू जेवलीस काय?" मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. आजी म्हणते, प्राध्यापिका म्हणतात, भाजीवाली म्हणते. ते ऐकायला इतकं मोकळं वाटतं की वर्षभरात मीही 'आलो, आलो' करू लागले आणि गावी गेल्यावर आई हसली.

'काय करालास?' म्हणजे काय करतो आहेस. 'आल्तो', 'गेल्तो' म्हणजे आलो होतो, गेलो होतो. 'भावा' हे कुणालाही. आवाज मोठा असतो, पण तो भांडणाचा नसतो. पत्ता विचारलात तर माणूस गाडी थांबवून वळणापर्यंत सोडायला येतो, हे माझ्या बाबतीत कितीदा झालं त्याची गणतीच नाही.

आमचं गाव जवळच आहे. खोली न घेता रोज जाऊन-येऊन शिकता येईल का?

निम्मी मुलं तेच करताना दिसतात. पन्हाळा, करवीर, कागल, हातकणंगले तालुक्यांतून पहाटेची एसटी धरून येतात. विद्यार्थी पासाला एक तृतीयांश भाडं पडतं, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. पैशाच्या दृष्टीने हे परवडतं. स्टँडवरून विद्यापीठाकडे केएमटी, म्हणजे शहर बस, मिळते.

पण याचा खर्च वेळेत होतो. पाच-साडेपाचची गाडी चुकू नये म्हणून ही मुलं शेवटचं प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळतात. नाटकाची तालीम, व्याख्यान, खेळाचा सराव, सगळं संध्याकाळी असतं आणि तेव्हा ती एसटीत उभी असतात. घरी पोहोचलं की जनावरांचं बघायचं, मग अभ्यास. माझ्या वर्गात सर्वांत हुशार मुलगी अशीच येत होती, आणि तिला दोन वर्षांत एकदाही संध्याकाळी रंकाळा तलावावर बसता आलं नाही. शक्य असेल तर निदान शेवटच्या सहामाहीला तरी गावात खोली घ्या. शक्य नसेल तर शिक्षकांना सुरुवातीलाच सांगा. गाडीची वेळ सांगितली तर बरेच जण प्रॅक्टिकलची बॅच बदलून देतात. न सांगता गैरहजर राहिलात तर त्यांना कळणार कसं?

घरची परिस्थिती बेताची आहे. कसं निभावेल?

निभावेल, पण अर्ज वेळेवर करा. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४ पासून माफ आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल हे सगळं जूनच्या आधी काढून ठेवा आणि आधार बँकेच्या खात्याला जोडलेला आहे ना ते बघा. पैसे अडकतात ते बहुधा या शेवटच्या कारणाने.

शिवाय विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे. रोज काही तास विभागात, ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम करायचं आणि त्यावर राहण्या-जेवण्याचा खर्च भागवायचा. या योजनेतून शिकलेली मुलं पुढे प्राध्यापक झाली, अधिकारी झाली. त्यात कमीपणा वाटून घेणारी मुलं दिसली की मला वाईट वाटतं. या गावात काम करून शिकणाऱ्याकडे आदरानेच बघतात.

मुलीला एकटीला पाठवायला हरकत नाही ना?

हा प्रश्न आई-वडिलांचा असतो, तर त्यांनाच उत्तर देते. काका-काकू, पाठवा. मी एकटी आले, रात्रीच्या गाडीने उतरले, ग्रंथालयातून अंधार पडल्यावर परतले. शहर लवकर झोपतं, पण गल्लीत ओळख असते आणि ओळखीचा धाक असतो. वसतिगृहात परत यायची वेळ ठरलेली आहे, ती मुलींना मुलांपेक्षा जास्त जाचते, आणि त्याबद्दल मुली बोलतात ते योग्यच आहे. विद्यापीठाचे आतले रस्ते लांब आणि रात्री निर्जन असतात, तिथे दोघी-तिघींनी जावं.

पूर येतो म्हणतात. कॉलेज बंद पडतं का?

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात घड्याळाइतकंच लक्ष पंचगंगेच्या पातळीकडे असतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. चहाच्या गाड्यावर, स्टाफरूममध्ये, केएमटीत, सगळीकडे एकच विषय: "पाणी किती फुटावर?" राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यातले किती उघडले हे तुम्हालाही आठवडाभरात तोंडपाठ होईल.

२०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. नदीवरची उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे, शहराभोवती एवढं पाणी असताना, नळाला पाणी नव्हतं. २०२१ ला पुन्हा तसंच झालं. विद्यापीठ माळावर असल्याने तिथे पूर येत नाही. पण गावांचे रस्ते बंद होतात आणि गगनबावडा मार्ग तर सर्वांत आधी. आम्हा कोकणातल्या मुलांना त्या दिवसांत घरी जाता येत नाही, हे आधीच मनाशी धरून ठेवा.

अशा वेळी खोलीत बसून राहू नका. पूरग्रस्तांना शाळांमध्ये, मंगल कार्यालयांमध्ये आणतात, तिथे हात लागतात. मी भाकऱ्या बांधल्या, कपड्यांचे ढीग निवडले, पाणी ओसरल्यावर एका घरातला चिखल काढला. त्या घरातल्या बाईंनी भिजलेल्या कपाटातून मुलाची दहावीची गुणपत्रिका काढून उन्हात वाळत घातली होती, चारही कोपऱ्यांवर खडे ठेवून.

संध्याकाळी आणि सुट्टीला काय करतात?

रंकाळा. बाकी सगळं त्यानंतर. भेळ घ्यायची, कठड्यावर बसायचं, सूर्य मावळेपर्यंत उठायचं नाही. खासबागेत खाऊगल्ली आहे. रविवारी पन्हाळा किंवा जोतिबा.

हिवाळ्यात फुटबॉल सुरू होतो आणि तो बघितल्याशिवाय कोल्हापूर कळत नाही. इथले संघ पेठांचे आणि तालमींचे: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली आजीसुद्धा निकाल विचारते. तुम्ही ज्या पेठेत खोली घ्याल तो तुमचा संघ, त्यात निवडीला वाव नाही. किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेरीस, मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात का ते पाहायला सारं गाव श्वास रोखून उभं असतं. तेही चुकवू नका.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला कोल्हापूर बरं की पुणं?

पुण्यात क्लास जास्त, इथे खर्च कमी. अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. ज्याचा पाया झाला आहे त्याने पुण्याला जायची घाई करू नये, एवढंच सांगेन.

शिकून झाल्यावर नोकरी तिथेच मिळते का?

सगळ्यांना नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत यंत्र, धातू, कापड या शाखांच्या मुलांना काम मिळतं. शिक्षण संस्था आहेत, बँका आहेत, दवाखाने आहेत. संगणकाचं शिकलेली बहुतेक मुलं पुण्याला किंवा बेंगळुरूला जातात. माझ्या वर्गातल्यांपैकी इथे आम्ही मोजकेच उरलो. पगार पुण्याइतका नाही, हे खरं. पण संध्याकाळी सहाला मी घरी असते.

पहिल्या दिवशी सामान काय आणू?

मूळ कागदपत्रं आणि त्यांच्या पाच-पाच झेरॉक्स, फोटो, दणकट छत्री, एक जाड चादर, कारण माळावर वारा फार. ताट-वाटी आणि घरचं लोणचं. बादली, मग, उशी घरून ओढत आणू नका. स्टँडपासून लक्ष्मीपुरी जवळ आहे, तिथे सगळं मिळतं, आणि पावसात दुकानदार प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनही देतात.